आधी वाल पाहा, मग ट्यूब काढा : सायकलची हवा टिकवण्याची आणि पंक्चर टाळण्याची रीत

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात आसपासच्या गावांहून चार-पाच किलोमीटर सायकल चालवत येणाऱ्या मुली वर्गात उशिरा पोहोचल्या, की कारण विचारण्याची मला गरज पडत नाही. दोन महिने गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली सायकल नेमकी त्याच सकाळी बसलेली निघते, गावात पंक्चरचे दुकान नसते, घरचे लोक पेरणीच्या घाईत असतात, आणि मुलगी पायी येते किंवा त्या दिवशी येतच नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यामुळे कितीतरी जणींचे शिक्षण गावाच्या वेशीवर अडले नाही. मात्र सायकल रोज चालती ठेवणे हे एक वेगळे काम आहे. ते अवघड नाही, त्याला महागडी हत्यारेही लागत नाहीत. ते कोणीतरी एकदा हातात धरून दाखवावे लागते, एवढेच.

मला ते एका आठवडी बाजाराच्या दिवशी कळले. मे महिन्यातली दुपार होती, गाव सहा किलोमीटर मागे राहिले होते आणि मागचे चाक अचानक रिमवर आले. पंक्चर झाले असे धरून मी सायकल ढकलत बाजारापर्यंत नेली. तेथे चिंचेखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी टायरला हातही लावला नाही. त्यांनी वालचा, म्हणजे हवा भरतो त्या तोंडाचा, नट फिरवला, आतली कांडी बाहेर काढली आणि तिच्यावरची रबरी नळी माझ्यासमोर धरली. ती उभी चिरलेली होती. नवी नळी चढवून हवा भरायला त्यांना दोन मिनिटे लागली. "गुरुजी, पयले वाल पाहा, मंग ट्यूब काढा," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर इतरांच्या सायकली पाहताना माझ्या ध्यानात आले, की "पंक्चर आहे" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पुष्कळ ट्यूबना भोकच नसते. बिनभोकाची ट्यूब बाहेर काढताना मात्र पान्याच्या टोकाने तिला नवे भोक पडते, आणि नसलेले पंक्चर खरे होऊन बसते.

वाल कसे काम करतो

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींना आणि बहुतेक शाळकरी सायकलींना जो वाल असतो, त्याला वुड्स किंवा डनलॉप वाल म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेचा टायर व्यवहारात आणला. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या वालची कल्पना रुळली आणि ती आजही जवळजवळ तशीच चालू आहे. ट्यूबला चिकटलेला पितळी किंवा लोखंडी दांडा रिमच्या भोकातून आत, आसाच्या बाजूला डोकावतो. त्या दांड्यात एक पोकळ कांडी बसते. कांडीचे खालचे टोक बंद असते, परंतु टोकाच्या थोडे वर तिच्या अंगाला एक बारीक भोक असते, आणि त्या भोकावरून एक पातळ रबरी नळी घट्ट चढवलेली असते. दुकानदार तिला वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा कांडीच्या पोकळीतून खाली येते, अंगच्या भोकातून बाहेर पडताना रबरी नळीला किंचित उचलते आणि ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की ट्यूबमधली हवा त्याच नळीला बाहेरून दाबून भोकावर चिकटवते, आणि परतीची वाट बंद होते.

म्हणजे संपूर्ण चाकाची हवा त्या बोटभरही लांब नसलेल्या रबराच्या तुकड्यावर अवलंबून असते. या नळीला दुसरेही एक काम असते, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कांडीचा वरचा रुंद भाग जेथे दांड्याच्या तोंडावर टेकतो, तेथे हीच नळी मध्ये दबून राहते आणि वायसरसारखी फट बंद करते. त्यामुळे नळी वरून आखूड पडली तरी हवा जाते आणि खालून आखूड पडली तरी जाते.

या रचनेतून आणखी एक गोष्ट निघते. हवा उलट दिशेने येऊच शकत नसल्यामुळे वुड्स वालवर बाहेरून काटा लावून ट्यूबमधला दाब नेमका मोजता येत नाही. पंपावरच्या काट्यात नळी उचलण्यासाठी लागणारा जोरही मिसळलेला असतो. म्हणून या सायकलींसाठी अंगठा आणि डोळा हीच मापे वापरावी लागतात. त्यांविषयी पुढे येईलच.

हवा वालमधून जाते का, हे पेल्याने पाहावे

हवा भरून चाक असे फिरवावे की वाल सर्वांत वर येईल. त्या जागी दांड्याचे तोंड खाली, जमिनीकडे वळलेले असते. आता पाण्याने भरलेला एक छोटा पेला खालून वर उचलावा आणि दांडा नटासकट पाण्यात बुडेल असा धरावा. दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत हात हलवू नये. बुडबुडा दांड्याच्या मधोमध, म्हणजे हवा भरतो त्या तोंडातून निघाला तर नळी चिरलेली किंवा सैल आहे. नटाच्या कडेने निघाला तर नट ढिला आहे किंवा नळी वरून आखूड पडली आहे. हे दोन्ही दोष टायर न उघडता घरीच दुरुस्त होतात. पेल्यात काहीच दिसले नाही, आणि तरीही सकाळपर्यंत चाक बसत असेल, तरच टायर उघडण्याचा विचार करावा. पेला नसेल तेव्हा बोटावर थुंकी घेऊन तोंडावर लावली तरी फुगा दिसतो. रस्त्यावर तोच उपाय असतो.

दोष उलट प्रकारचाही असतो. पंपाचा दांडा खाली दाबला जात नाही, सगळी ताकद लावली तरी हवा आत जात नाही, आणि मनुष्य पंपालाच दोष देतो. अशा वेळी उन्हाने मऊ पडलेली नळी कांडीच्या भोकावर चिकटून बसलेली असते. तिला सोडवत बसण्यात अर्थ नाही, ती बदलावी.

नळी बदलताना

कांडी उचलण्यापूर्वी दांड्याच्या तोंडाभोवतीची धूळ कापडाने पुसून घ्यावी. काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि ओल्या रबरावर ती लगेच बसते. नळी आणि कांडी यांच्यामध्ये तिचा एखादा कण अडकला, तर नवी नळीसुद्धा तासाभरात हवा सोडू लागते. नट पूर्ण काढून कांडी सरळ वर ओढावी. जुनी नळी नखाने सोलून काढावी आणि तिचे कण भोकात राहिले नाहीत ना, हे कांडी उजेडासमोर धरून बघावे. कांडी गंजून खडबडीत झाली असेल तर नळी त्यावर नीट बसत नाही. मग कांडीही नवी घ्यावी, ती काही रुपयांतच मिळते.

नवी नळी कापताना तिची लांबी अशी ठेवावी की ती कांडीच्या वरच्या रुंद भागावर चढेल आणि खालच्या भोकाच्या पलीकडेही थोडी उरेल. मापात सांगायचे तर साधारण अडीच सेंटीमीटर. पण कांडी शेजारी धरून घेतलेले माप अधिक भरवशाचे. तुकडा सरळ कापावा, तिरपा नाही. चढवण्यासाठी नळी पाण्यात बुडवावी आणि पिळत-पिळत वर सरकवावी. येथे एक चूक फार होते: नळी सहज चढावी म्हणून लोक गोडेतेल, चेनचे तेल किंवा जवळ असेल तर डिझेल लावतात. तेलाने रबर फुगते व मऊ पडते, आणि आठ दिवसांत ती नळी चिकट होऊन फाटते. पाणी पुरते, त्याखेरीज दुसरे काही लावू नये.

कांडीला वरच्या बाजूला दोन बारीक कान असतात आणि दांड्याच्या तोंडाला तशाच दोन खाचा असतात. कान खाचांत बसले नाहीत, तर नट आवळताना कांडी फिरते आणि नळीला पीळ पडून ती तेथेच फाटते. नवीन शिकणाऱ्या मुलींकडून ही चूक हमखास होते, कारण कान इतके लहान असतात की दिसतच नाहीत. बोटाच्या टोकाने चाचपून पाहिले म्हणजे कळतात. नट हाताने आवळून शेवटी किंचित पक्का करावा आणि लगेच पेला लावून पाहावा. आठवीतल्या एका मुलीला मी हे एकदा दाखवले. दुसऱ्या वेळी तिने घड्याळ लावून चार मिनिटांत नळी बदलली, आणि त्या वर्षी तिच्या वस्तीवरच्या सगळ्या सायकलींचे वाल तीच पाहत होती.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या सुमारास, नळी बिघडलेली नसली तरी बदलावी. रबराला काळ आणि ऊन दोन्ही खातात. जवळ हातभर वालट्यूब असली तर ती एका घराला बराच काळ पुरते. मात्र ती उन्हात न ठेवता डबीत, अंधारात ठेवावी.

दांडा, त्याचा नट आणि टोपी

दांड्याला रिमच्या आतल्या बाजूने जो चपटा नट असतो, तो दांडा धरून ठेवण्यासाठी असतो, घट्ट बांधण्यासाठी नव्हे. पान्याने आवळला तर ट्यूब आणि दांडा यांच्या सांध्यावर कायमचा ताण राहतो, आणि तो सांधा फाटला की त्याला पॅच बसत नाही. संपूर्ण ट्यूब टाकावी लागते. म्हणून हा नट बोटांनीच, तोही हवा भरून झाल्यावर आवळावा.

दांडा रिममध्ये सरळ उभा आहे ना, हे रोज सहज दिसते. तो एका बाजूला कलू लागला, तर हवा कमी असल्याने टायर रिमवर सरकत चालला आहे आणि ट्यूबला बरोबर ओढतो आहे असे समजावे. हवा सोडून, टायर दोन्ही हातांनी उलट दिशेने सरकवून दांडा सरळ करावा. पंपाची नळी लावताना किंवा काढताना ती हिसकून ओढण्याची सवयही याच सांध्याला मारते. दांड्यावरची टोपी हवा अडवत नाही; ती धूळ आणि चिखल बाहेर ठेवते, आणि पांदण रस्त्याने जाणाऱ्या सायकलीला तेवढे संरक्षण तरी असलेच पाहिजे.

गिअरच्या व जाड टायरच्या सायकलींना पुष्कळदा मोटारसायकलसारखा, श्रेडर जातीचा वाल असतो. त्यात रबरी नळी नसते, स्प्रिंगवर चालणारी पिन असते, आणि त्यावर काटा लावून दाब मोजता येतो. पिन सैल झाली तर वाल उघडण्याच्या छोट्या चावीने पाव फेरा आवळणे पुरते. पेट्रोल पंपावरची हवेची नळी या वालला बसते, वुड्स वालला बसत नाही. तिथे हवा भरायची झाल्यास क्षणाक्षणाला थांबून भरावी, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते आणि मोठ्या यंत्राने ती काही क्षणांतच गरजेपेक्षा जास्त भरते.

हवा किती असावी

किती हवा चालते हे टायरच्या अंगावर छापलेले असते. साध्या काळ्या सायकलीच्या २८ × १½ मापाच्या टायरला साधारण ५० पौंडांच्या (दर चौरस इंचावरील दाब) आसपास हवा लागते. जाड टायरला त्याहून कमी पुरते. मोजमाप नसेल तेव्हा दोन परीक्षा आहेत. अंगठ्याने टायरच्या माथ्यावर जोराने दाबल्यास तो जेमतेम दबावा. आणि स्वार सायकलवर बसल्यावर दुसऱ्याने खाली वाकून पाहावे: टायर जमिनीला टेकतो तेथे किंचित पसरला पाहिजे, परंतु त्याच्या अंगाला फुगवटा येऊन घडी पडता कामा नये. मागच्या चाकावर पुढच्यापेक्षा जास्त भार असतो. कॅरिअरवर ढेपेचे पोते, चाऱ्याचा भारा किंवा पाठची बहीण बसणार असेल, तर मागचे चाक त्या भारासह पाहावे.

कमी हवेचे नुकसान लोकांना पटत नाही, कारण मऊ सायकल बसायला बरी वाटते. पण मऊ चाक दगडावर किंवा डांबराच्या तुटक्या कडेवर आदळले की ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्या मध्ये चिमटली जाते, आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबवर अशी जोडी दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नये. तो काटा नव्हताच, हवा कमी होती. शिवाय मऊ टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि त्यामुळे अधिक काटे गोळा करतो. चांगल्या ट्यूबमधूनही हवा रबरातून हळूहळू झिरपतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा हवा भरणे हा दुरुस्तीचा नव्हे, तर वापराचाच भाग आहे. ट्यूब विकत घेताना ब्यूटिल रबराची मागावी. ती साध्या रबरापेक्षा हवा कितीतरी जास्त दिवस धरते.

उन्हाळ्याविषयी एक गैरसमज आहे. चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि "उन्हाने हवा फुगून ट्यूब फुटते" म्हणून लोक मार्चपासूनच हवा कमी भरू लागतात. हिशेब करून पाहू. सकाळी ३० अंशांना ५० पौंड भरलेली ट्यूब उन्हात ५० अंशांपर्यंत तापली, तरी आतला दाब सुमारे ४ पौंडांनीच वाढतो. धडधाकट टायरला एवढी वाढ जाणवतही नाही. उन्हात फुटणाऱ्या ट्यूबचे खरे कारण दुसरे असते: टायरची चिरलेली बाजू, निसटत आलेला पॅच किंवा रिमच्या कडेबाहेर आलेला टायर. उन्हाळ्यात हवा छापील आकड्यापेक्षा जास्त भरू नये हे खरे, परंतु अर्धी ठेवणे हा उपाय नाही. त्याने चिमट्याचे पंक्चर मात्र वाढतात. सायकल टिनाच्या भिंतीला टेकून दिवसभर उन्हात न ठेवता निंबाच्या सावलीत ठेवावी, कारण ऊन हवेपेक्षा रबरालाच जास्त मारते.

काटे कोठून येतात आणि त्यांचे काय करावे

आपल्या रस्त्यांवरचे काटे ऋतूंप्रमाणे बदलतात. बाभळीचे व वेड्या बाभळीचे सरळ, पांढुरके, जोडीने येणारे काटे बारमाही असतात; धुऱ्यावरचे काट्यांचे कुंपण हलवताना फांद्या पांदणीतून ओढत नेल्या की पुढचे कित्येक दिवस ती वाट सायकलीला धोक्याची असते. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात आणि त्यांची टणक काटेरी फळे टायरला चिकटून येतात. त्यानंतर तूर कापून झालेल्या शेतात विळ्याने तिरप्या कापलेल्या खुंट्या उरतात आणि पऱ्हाटी काढलेल्या वावरात धसकटे उरतात. जवळची वाट म्हणून वावरातून सायकल घातली तर ती टायरच्या माथ्याला नव्हे, तर पातळ अंगाला चीर देतात. गावाजवळच्या रस्त्यावर बैलांच्या नालांचे खिळे असतात. आणि पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात ते उगाच नव्हे: ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते, आणि चिखलात काटा डोळ्यांना दिसत नाही.

काटा लागला की लगेच पंक्चर होतेच असे नाही. पुष्कळदा तो टायरमध्ये अर्धा रुततो आणि प्रत्येक फेऱ्याला जमिनीच्या दाबाने थोडा-थोडा आत जातो. म्हणूनच काटेरी वाट ओलांडल्यावर थांबून दोन्ही चाके फिरवत टायर पाहण्याला एवढे महत्त्व आहे. फिरत्या टायरवर उघडा हात फिरवू नये. चाक थांबवून हाताहाताच्या अंतराने पाहावे आणि दिसलेला काटा नखाने किंवा चिमट्याने काढावा. शाळेत पोहोचल्यावर सायकल उभी करताना हे केले, तर वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटेही लागत नाहीत. काटा खोल गेला असेल आणि हवा हळूहळूच जात असेल, तर घर जवळ असताना तो काढू नये, कारण त्यानेच भोक अर्धे बुजवलेले असते. जागेवर खडूची खूण करून घरी यावे, मग काढावा. भोक शोधण्याचे निम्मे काम तेथेच होते.

टायरच्या आत जुन्या टायरचा पट्टा घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. घासलेल्या टायरच्या तारेच्या दोन्ही कडा कापून टाकाव्यात आणि उरलेला पट्टा नव्या टायर आणि ट्यूब यांच्या मध्ये बसवावा. काटा सहसा दोन थर पार करत नाही. चाक जड होते हे खरे, पण दूध घेऊन रोज पांदणीतून येणाऱ्याला ते परवडते. पट्ट्याची कड आणि टोके कानशीने घासून पातळ केलीच पाहिजेत, नाही तर तीच कड महिनाभरात ट्यूबला घासून भोक पाडते. नव्या सायकलीला मी हा उपाय सुचवत नाही. चांगला टायर आणि पुरेशी हवा यांनी बहुतेक काम होते.

काही भोके बाहेरून येतच नाहीत. ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक असेल तर स्पोकचे टोक निपलच्या (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. टोक कानशीने घासून बसवावे आणि पट्टी नवी घालावी. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टीही चालते. हे न करता कितीही पॅच लावले, तरी ट्यूब त्याच रेषेत पुनःपुन्हा फुटत राहील.

पॅच लावणे

चेनकव्हर आणि ब्रेकच्या सळया असलेल्या काळ्या सायकलीचे मागचे चाक पॅचसाठी काढण्याची गरज नाही. सायकल उलटी करून टायरची एकच कड उघडावी आणि ट्यूबचा लागेल तेवढा भाग बाहेर ओढावा. कड उघडण्याची सुरुवात वालच्या विरुद्ध बाजूने करावी, म्हणजे दांड्याला धक्का लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर किंवा पान्याचे टोक वापरू नये. टायर लिव्हर नसेल तर चमच्याची गुळगुळीत दांडी चालते.

ट्यूब पूर्ण काढावी लागलीच, तर टायरवरचा छापील शिक्का वालसमोर आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे. भोक सापडले की ट्यूब टायरशेजारी त्याच स्थितीत धरावी. भोकासमोर टायरमध्ये जे असेल, तेच कारण. घमेल्यात पाणी घेऊन थोडी हवा भरलेली ट्यूब टप्प्याटप्प्याने बुडवत जावी, आणि एक भोक सापडले म्हणून थांबू नये, पूर्ण फेरा करावा. त्यानंतर टायर आतून तपासायचा असतो, आणि येथे आपल्या भागात एक उत्तम साधन प्रत्येक घरी पडलेले असते. कापसाचा एक पुंजका घ्यावा आणि तो टायरच्या आतून हलक्या हाताने दोन्ही दिशांनी फिरवावा. डोळ्यांना न दिसणारे काट्याचे टोक असले तरी तंतू त्याला अडकतात आणि कापसाचे पांढरे पीस तेथे मागे राहते. बोटाने शोधण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, आणि काटा आत राहून दुसऱ्याच दिवशी झालेले पंक्चर ज्याने एकदा पाहिले आहे, तो ही पायरी कधी गाळत नाही.

भोकाभोवतीचा भाग पूर्ण कोरडा करून पॉलिश पेपरने घासावा, रबराची चकाकी जाईपर्यंत. पॅच भोकापेक्षा सर्व बाजूंनी किमान एक सेंटीमीटर मोठा असावा आणि त्याचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी सुटतो. सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर लावावा आणि मग थांबावे. बहुतेक पॅच सुटतात ते याच ठिकाणच्या घाईने. सोल्युशन ओले असताना पॅच दाबला, तर आतला द्राव बाहेर पडू शकत नाही आणि पहिल्याच उन्हात पॅच सरकतो. बोटाच्या मागच्या बाजूने हलके शिवून पाहावे. ओलसर न लागता जेमतेम चिकटले, की पॅच मधून कडेकडे दाबत बसवावा आणि अंगठ्याने मिनिटभर जोराने दाबून धरावा. नंतर त्यावर फळ्याच्या खडूची भुकटी लावावी, म्हणजे उरलेले सोल्युशन टायरला चिकटत नाही. टायरलाच चीर असेल तर आतून जुन्या टायरचा गुळगुळीत तुकडा बसवावा, ज्याला दुकानात गॅटर म्हणतात. चीर दोन बोटांहून मोठी असेल तर टायर बदलावा.

टायर परत चढवताना ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल एवढी हवा असावी, नाही तर ती कडेखाली चिमटली जाते. कड चढवण्याचा शेवट वालजवळ करावा, कारण इतर ठिकाणी कड रिमच्या खोलगट भागात उतरून ढिली होते, पण वालच्या जागी दांडा तिला अडवतो. कड चढल्यावर दांडा एकदा आत टायरकडे दाबून सोडावा. त्याने बुडाशी अडकलेली ट्यूब मोकळी होते. मग थोडी हवा भरून, चाक फिरवत दोन्ही बाजूंनी कड सारखी बसली आहे ना हे पाहून, उरलेली हवा भरावी.

सुटीत सायकल ठेवताना

एप्रिलच्या अखेरीस शाळा संपते तेव्हा सायकल तशीच भिंतीला टेकवली, तर हवा हळूहळू जाते, संपूर्ण भार टायरच्या एकाच जागेवर येतो आणि तेथे अंगाला आडव्या भेगा पडतात. त्या भेगांमधून पहिल्याच पावसात पाणी व माती आत शिरतात. म्हणून सुटी लागताच हवा पूर्ण भरावी आणि सायकल सावलीत, सीट व हँडलवर उलटी ठेवावी किंवा छपराच्या आडसराला टांगावी. दर पंधरा दिवसांनी दोन्ही चाकांना थोडी हवा द्यावी आणि चाके हाताने फिरवावीत. शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, नळ्या बदलून पेला लावून पाहावा आणि सायकल रात्रभर तशीच उभी ठेवावी. सकाळी चाक बसलेले दिसले, तर बाजाराच्या दिवसापर्यंत ट्यूब आणायला अजून वेळ हाती असतो. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक रिकामी डबी ठेवावी. तिच्यात बोटभर वालट्यूब, एक जादा कांडी नटासह, दोन पॅच, सोल्युशनची छोटी ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा आणि चिमूटभर कापूस एवढे मावते. पंप वस्तीवर दोन-तीन घरांत मिळून एक असला तरी चालतो.